‘७ सेल, ०५ मोटर’: ग्लायडर आणि इलेक्ट्रिक विमानांची जुनी मासिकं आज कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी अमेरिकेहून परतताना दोन पेट्या भरून मासिकं आणली. त्यात ‘मॉडेल एव्हिएशन’, ‘सेलप्लेन अँड इलेक्ट्रिक मॉडेलर’, ‘आरसी सोअरिंग डायजेस्ट’चे काही अंक आणि दोन-चार ब्रिटिश अंक आहेत, बहुतेक सगळे १९९० नंतरचे. एका अंकात २ मीटर पंखाच्या इलेक्ट्रिक ग्लायडरचा आराखडा मिळाला, पण त्यावर ‘७ सेल, ०५ मोटर’ असं लिहिलंय आणि दुकानदाराला ते कळत नाही. आता सगळं व्हिडिओवर दिसत असताना हे कागद ठेवावेत का, आणि ते विमान आज बनवता येईल का?

पेट्या ठेवा, आणि विमान त्याच आराखड्यावरून बनवा. फक्त त्या लेखांमधला निम्मा मजकूर आता कालबाह्य झालाय आणि उरलेला निम्मा आजही जसाच्या तसा लागू आहे. दोन्ही निम्मे एकाच परिच्छेदात, एकाच वाक्यात मिसळलेले असतात, म्हणून नवख्याची गल्लत होते. ते वेगळे कसे करायचे, हेच सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ग्लायडर आणि इलेक्ट्रिक विमानं एकाच मासिकात का असायची? एकाला मोटरच नाही आणि दुसरं मोटरवर चालणारं. दोन्ही आवाज करत नाहीत हे एक कारण झालं, पण खरं कारण वजन. रेडिओवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक मॉडेलचं पहिलं नोंदलेलं उड्डाण ३० जून १९५७ ला इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी केलं, तेही महागड्या सिल्व्हर-झिंक बॅटरीवर. जर्मनीत ग्राउपनर कंपनीत काम करणारे फ्रेड मिलिटकी त्याच सुमारास या विषयाच्या मागे लागले होते. त्यांच्याच कामातून पुढे २१ ऑक्टोबर १९७३ ला ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे माणूस बसवलेलं इलेक्ट्रिक विमान उडालं, आणि ते मूळचं मोटर-ग्लायडरच होतं. अमेरिकेत रॉबर्ट बाउचर यांच्या ‘सनराइज’ने ४ नोव्हेंबर १९७४ ला निव्वळ सूर्यप्रकाशावर उड्डाण केलं. त्याचेही पंख लांबलचक आणि अंगकाठी हलकी. बॅटरी इतकी जड होती की ती वाहून नेण्याची ऐपत फक्त ग्लायडरसारख्या विमानातच होती. त्यामुळे इलेक्ट्रिकवाले ग्लायडरवाल्यांच्या शेजारीच राहिले, आणि दोघांची मासिकंही एक झाली.

हे लक्षात असलं की त्या काळच्या लेखांमध्ये ग्रॅम-ग्रॅमसाठी केलेली धडपड दिसायला लागते. शेपटीतली फळी कुठे पोखरली, सर्वोची (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर किती सेंटिमीटर कापली, यावर अर्धा-अर्धा रकाना लिहिलेला असतो. तो भाग वगळू नका. आज आपल्याकडे ताकद उतू जाते म्हणून आपण जड विमानं बनवतो आणि ती उडतातही, पण तरंगत नाहीत.

सगळी मासिकं सारखी नव्हती. ‘मॉडेल एव्हिएशन’ हे अमेरिकेच्या अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचं, म्हणजे संघटनेचं मासिक. त्यात स्तंभलेखक ठरलेले असत आणि भाषा जपून. ‘सेलप्लेन अँड इलेक्ट्रिक मॉडेलर’ पुढे ‘क्वाएट फ्लायर’ झालं. त्यात किट तपासून लिहिलेले लेख जास्त. ‘आरसी सोअरिंग डायजेस्ट’ची जात निराळी. १९८४ साली जिम ग्रे यांनी ते छोटं पत्रक म्हणून सुरू केलं, आणि लिहिणारे बहुतेक वाचकच होते. पुढे बिल आणि बनी कुल्मन या जोडप्याने ते पीडीएफ रूपात चालवलं. शेपटी नसलेल्या विमानांवरची त्या दोघांची लेखमाला मी आजही उघडतो. तुमच्या पेटीत या पत्रकाचे अंक असतील तर ते सगळ्यांत आधी वाचा. तिथे माणूस स्वतःच्या विमानाचा पंख का मोडला ते पानभर लिहितो, आणि शिकायला मिळतं ते त्याच पानात.

या वाचकांनी काय केलं त्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. १९८०च्या दशकाच्या शेवटी मायकेल सेलिग, जॉन डोनोव्हन आणि डेव्हिड फ्रेझर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वाऱ्याच्या बोगद्यात छोट्या विमानांच्या पंखछेदांची, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणाऱ्या आकारांची, चाचणी घेतली. आपल्या विमानाची पंखाची रुंदी २० सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ८ मीटर धरला, तर रेनॉल्ड्स आकडा (पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून काढलेला) एक लाखाच्या आसपास येतो. मोठ्या विमानांसाठी मोजलेले तक्ते इथे चालत नाहीत, कारण इतक्या कमी आकड्यावर हवा पंखाला वेगळ्याच तऱ्हेने चिकटते आणि सुटते. चाचणीसाठी पंखाचे अचूक तुकडे हवे होते, आणि ते ग्लायडर उडवणाऱ्या हौशी लोकांनी आपापल्या घरी बनवून पाठवले. साठाच्या वर पंखछेद मोजले गेले. १९८९ साली ते निकाल छापून आले, तेही हर्क स्टोकली यांच्या ‘सोअरटेक’ या हौशी लोकांच्याच प्रकाशनातून. तुमच्या आराखड्यावर ‘एसडी ७०३७’ किंवा ‘एस ३०२१’ लिहिलं असेल, तर ते नाव त्याच काळातलं आहे. एसडी म्हणजे सेलिग-डोनोव्हन. तो पंखछेद आज बदलायचं काही कारण नाही. कुणी सांगितलं ‘जुना आहे, नवा टाक’, तरी पहिल्या विमानात आहे तोच ठेवा. फळ्या आराखड्याबरहुकूम कापणं आणि पंखाला पीळ पडू न देणं यातून जितका फायदा मिळेल, तितका पंखछेद बदलून मिळणार नाही.

आता ‘७ सेल, ०५ मोटर’.

‘०५’ हे तेलावर चालणाऱ्या ०.०५ घनइंचाच्या इंजिनाशी तुलना करून दिलेलं नाव. साधी पत्र्याच्या डब्यातली ब्रशवाली मोटर, वजन सुमारे २०० ग्रॅम. ७ सेल म्हणजे निकेल-कॅडमियमचे सात घट, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ८.४ व्होल्ट. एका घटाचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपास, वायरींसकट पॅक जवळजवळ ४०० ग्रॅम. अशा १७०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकमधली ऊर्जा काढा: ८.४ गुणिले १.७, म्हणजे १४.३ वॉट-तास. आता आजची ३ सेलची १३०० मिलिअँपिअर-तासांची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, घ्या: ११.१ गुणिले १.३, म्हणजे १४.४. ऊर्जा तीच, वजन साधारण ११० ग्रॅम. तीस वर्षांत काय बदललं ते या एका गणितात आहे. बाकी मोटर ब्रशलेस झाली, हलकी झाली, हे त्याच्या खालोखाल.

पण इथेच फसगत होते, आणि ती मी स्वतः करून बसलोय. माझे पहिले असे अंक १९९६ साली मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाले होते. त्यातल्या एका आराखड्यावरून विमान केलं आणि बरीच वर्षं सात घटांवर उडवलं. नंतर ब्रशलेस मोटर आणि लिपो आली तेव्हा जुनी मोटर काढून नवी बसवली, जुन्या बॅटरीच्या जागी नवी ठेवली, आणि नाकात २५० ग्रॅम शिसं भरून सीजी (विमान जिथे तोललं जातं तो बिंदू) जुळवला. विमान उडालं, पण पूर्वीपेक्षा कणभरही बरं नाही. वाचवलेलं वजन मी शिशाच्या रूपात परत भरलं होतं.

तुम्ही असं करू नका. जुन्या विमानाच्या पुढच्या भागात ६०० ग्रॅमच्या वर माल होता, म्हणून त्याचं नाक आखूड ठेवलेलं असतं. नवा माल त्याच्या एक तृतीयांश. तेव्हा बांधायच्या आधीच आराखड्यावर पेन्सिलने नाक ५-६ सेंटिमीटर लांब करा. सर्वो आणि रिसिव्हर पंखाखालून पुढे आणा. मग शेपटीकडे वळा. शेपूट सीजीपासून ७५ सेंटिमीटरवर आणि नाक २५ सेंटिमीटरवर असेल, तर शेपटीत वाचवलेला १ ग्रॅम नाकातल्या ३ ग्रॅमांइतका. आडवी शेपटी भरीव फळीची दाखवली असेल तर काड्यांची जाळी करून वर हलकी फिल्म लावा, ३० ग्रॅम सहज वाचतील, म्हणजे नाकात ९० ग्रॅम शिसं कमी. एवढं करूनही नाक हलकं राहिलंच, तर शिसं न घालता १३०० ऐवजी २२०० ची बॅटरी घ्या. ती साधारण १८० ग्रॅमची. वजन घालायचंच तर ते उपयोगी पडणारं घाला.

मोटरची निवड अंदाजाने करू नका. जुने लेख ‘पौंडाला ५० वॉट’ म्हणतात, म्हणजे किलोला सुमारे ११०. ग्लायडर वर चढायला तेवढे पुरतात, मी १५० धरतो. ३ सेलवर फार आकड्यांत अडकण्यापेक्षा ७०-८० ग्रॅमची, ९००-१००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला तितके फेरे) मोटर आणि १० बाय ६ चा फोल्डिंग प्रॉप लावा. वॅटमीटर जोडून जमिनीवर मोजा. करंट मोटरच्या मर्यादेबाहेर जात असेल तर प्रॉप एक इंचाने कमी करा. वॅटमीटर उसना मिळत असेल तर उसना घ्या, पण मोजल्याशिवाय उडवू नका.

आता वजनाचा हिशेब. जुनं विमान १३०० ग्रॅमच्या थोडं वर होतं. पंख २ मीटर लांब आणि सरासरी २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ४० चौरस डेसिमीटर. भार आला चौरस डेसिमीटरला ३३ ग्रॅम. नवं विमान ९५० च्या आसपास बसेल, भार २४. वेग भाराच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे नवं विमान साधारण १५ टक्के सावकाश उडेल. लेखात ‘जोरदार वाऱ्यातही पुढे जातं’ असं लिहिलं असेल तर ते तुमच्या विमानाला लागू नाही. वारा असेल त्या दिवशी बरोबर सीजीच्याच जागी वजन ठेवायची सोय पंखाखाली करून ठेवा. अमेरिकी मासिकात भार ‘चौरस फुटाला औंस’ असा दिलेला असतो. त्याला ३.०५ ने गुणलं की आपले ग्रॅम मिळतात.

आणखी एक फरक, जो त्या मासिकांत मिळणार नाही, कारण तो आपल्या पठाराचा आहे. कोल्हापूर-पुणे भागात आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत. एप्रिलच्या ३५ अंशांत हवा इतकी विरळ होते की तेच विमान तोलून धरायला वेग सुमारे ७ टक्के जास्त लागतो. समुद्रकाठच्या थंड मैदानावर केलेल्या चाचणीत ‘हातातून सोडलं की तरंगतं’ असं लिहिलेलं असतं. आपल्या दुपारी ते हातातून जरा नेटाने सोडावं लागतं.

काही जुना सल्ला आता नुसता कालबाह्य नाही, घातक आहे. निकेल-कॅडमियमच्या काळात ‘बॅटरी पूर्ण उतरवा, मोटरचा आवाज बसेपर्यंत चालवा, मग चार्ज करा’ असं दर दोन अंकांआड छापून येई, आणि त्या बॅटरीसाठी ते चालायचं. लिपो घटामागे ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची बिघडते. मी ३.५ ला उतरवतो. ‘गरम बॅटरी जास्त ताकद देते’ हाही त्याच काळातला सल्ला. लिपो हाताला गरम लागली की ती बाजूला, मोकळ्या जागी ठेवायची. चार्जर निकेलच्या सेटिंगवर असताना त्याला लिपो कधीही जोडू नका. २००५ साली सवयीने मी नेमकं तेच केलं. बॅटरी टेबलावर उशीसारखी फुगली, मी ती वाळूच्या बादलीत टाकून अंगणात नेली. लाकडाचा भुसा, डोप आणि थिनरच्या खोलीत ती पेटली असती तर काय झालं असतं, हे मला अजून आठवतं. चार्ज करताना खोली सोडायची नाही, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर घटामागे ३.८ व्होल्टवर ठेवायची.

रेडिओचे लेख मात्र सरळ बाजूला ठेवा. ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल, मैदानावरच्या फळीला चॅनलची चिमटी लावणं, हे २.४ गिगाहर्ट्झने संपवलं. काकांच्या पेटीत जुना ट्रान्समीटर निघाला तर तो जपून ठेवा, पण हवेत नेऊ नका.

आता जे शिळं झालेलं नाही ते. सीजी बरोबर आहे का हे तपासायची एक चाचणी त्या प्रत्येक मासिकात कधी ना कधी आलेली आहे, आणि तिच्याइतकी चांगली दुसरी मला माहीत नाही. विमान उंचीवर न्या, मोटर बंद करा, हात सोडला तरी सरळ तरंगेल असा ट्रिम (काठी न धरता टिकणारा पट्टीचा कल) लावा. मग एलेव्हेटरने (आडव्या शेपटीच्या हलत्या पट्टीने) नाक ३०-४० अंश खाली करा आणि काठी सोडून द्या. विमान झटकन वर उसळलं तर नाक जड आहे. नाक जड असलं की तुम्ही नकळत ‘अप’ ट्रिम लावलेला असतो, आणि वेग वाढला की त्या ट्रिमचा जोर वाढतो. उलट विमान आणखी खालीच घुसायला लागलं तर शेपूट जड, लगेच सावरा. हळूहळू, मोठ्या वळणाने वर आलं की झालं. आराखड्यावर दाखवलेल्या सीजीपासून सुरुवात करा. तो बहुतेक वेळा सुरक्षित म्हणून थोडा पुढे दाखवलेला असतो. बॅटरी एका वेळी ३-४ मिलिमीटर मागे सरकवत जा. दर वेळी ट्रिम नव्याने लावायचा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

थर्मलवरचे, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेवरचे, लेखही तसेच टिकलेत. तिथे ‘ससाणा घिरट्या घालताना दिसला की तिकडे जा’ असं लिहितात, आपल्याकडे घार आहे. मार्च ते मे, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास नांगरलेल्या काळ्या रानावर घारी पंख न हलवता चढताना दिसल्या की मोटर चालू करायची तिथेच. एक गोष्ट मात्र त्या लेखांसारखी करू नका. ‘ठिपका होईपर्यंत चढवलं’ हे वाक्य तिथे कौतुकाने येतं. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंतच विनापरवानगी उडवता येतं. मैदान हिरव्या क्षेत्रात आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी बघा, आणि विमानात उंची मोजणारं छोटं यंत्र टाका. २ मीटरचं विमान १२० मीटरवर स्वच्छ दिसतं आणि शिकायला ती उंची भरपूर आहे. एफ५जे या इलेक्ट्रिक ग्लायडरच्या स्पर्धेत तर मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालते आणि सुटतानाच्या उंचीला २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण कापतात. म्हणजे कमी उंचीवरून थर्मल पकडणाऱ्याला बक्षीस.

किटच्या परीक्षणांबद्दल. मासिक जाहिरातींवर चालायचं, त्यामुळे ‘हे किट वाईट आहे’ असं क्वचितच छापून येई. म्हणून लेखकांना अप्रामाणिक समजू नका. बहुतेकांनी खरं लिहिलंय, पण ते कौतुकाच्या वाक्यांत नाही, आकड्यांत आणि फोटोंत आहे. कंपनीने सांगितलेलं वजन आणि लेखकाच्या काट्यावर आलेलं वजन यांतला फरक आधी बघा. ‘नाकात किंचित वजन घालावं लागलं’ असं असेल तर किती ग्रॅम ते शोधा. लिहिलं नसेल तर ते थोडं नव्हतं असं समजा. फोटोत पंखाच्या मुळाशी कार्बनची पट्टी दिसते आणि आराखड्यात नाही, तर लेखकाला तिथे कमजोरी वाटली होती. उड्डाणं किती झाली आणि त्या दिवशी वारा किती होता, हे ज्याने लिहिलंय त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. व्हिडिओत उड्डाण दिसतं, वळण दिसतं, ते शिकायला चांगलंच. पण सीजी कुठे, नाकाला खाली कल किती अंश, मोटरला कुठल्या बाजूला किती अंश, हे त्यात फार कमी लोक सांगतात, आणि या लेखांच्या शेवटी त्याची चौकट छापलेली असते.

लाकडाची मापं इंचात आहेत, त्यातून मार्ग असा: १/१६ इंचासाठी दीड मिलिमीटर, ३/३२ साठी अडीच, १/८ साठी ३ मिलिमीटरची बाल्सा चालते. फक्त खाचा आराखड्यावरून न कापता हातातल्या फळीवरून कापा. मुख्य दांड्यासाठी स्प्रूस मिळालं नाही तर बाल्साच्या पट्टीवर खाली-वर कार्बनची पातळ पट्टी चिकटवा.

आणि मूळ आराखड्यावर काहीही कापू किंवा चिकटवू नका. मोठ्या कागदाची झेरॉक्स काढणाऱ्याकडून त्याच्या दोन प्रती घ्या, पण घेतल्यावर लगेच पंखाची लांबी पट्टीने मोजा, आडवी आणि उभी दोन्हीकडे. यंत्रातून कागद ओढला जाताना एका दिशेने एक-दीड टक्का ताणला जातो, आणि २ मीटरच्या पंखात तो २-३ सेंटिमीटर होतो. उजवा आणि डावा पंख एकाच प्रतीवरून, कागद उलटा करून, बांधा. घड्यांवर कागद फाटला असेल तर सेलोटेप लावू नका, ती दोन वर्षांत पिवळी होऊन कागद खाते. मागून पातळ कागदाची पट्टी खळीने लावा, वर जड पुस्तक ठेवा आणि रात्रभर सुकू द्या.